तांबडे पाणी आणि निर्मळतेचा भ्रम

कोकणातील जांभ्याच्या मुलखात नवी कूपनलिका लागली म्हणजे वाडीत आनंदीआनंद होतो. पहिली कळशी भरली जाते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. परंतु तीच कळशी घडवंचीवर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिली तर पाण्यावर तांबूस साय धरलेली आणि तळाशी विटकरी गाळ बसलेला आढळतो. त्या पाण्याचा चहा काळा पडतो, भातावर पिवळट छटा येते आणि पांढऱ्या कपड्यांवर न निघणारे डाग उमटतात. अल्पावधीतच 'गंजाचे पाणी' असे नाव पडून हातपंप ओस पडतो आणि स्त्रिया पूर्वीप्रमाणे पायवाट उतरून वहाळावर जाऊ लागतात. वहाळाचे पाणी स्वच्छ दिसते, त्यास वास नसतो, चवही गोड लागते. एवढ्यावरूनच ते पिण्यास योग्य ठरविले जाते.

गावाची खरी चूक होते ती या ठिकाणी. पाण्यातील लोहाचा उपद्रव शरीरापेक्षा डोळ्यांस व जिभेस अधिक जाणवणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्याच्या कारणास्तव मर्यादा घातलेली नाही. लिटरमागे सुमारे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असल्यास चव बिघडते व डाग पडतात, इतकेच तिचे सांगणे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०१२ साली हीच ०.३ ची मर्यादा होती. पुढे दुरुस्ती होऊन ती १.० मिलिग्रॅम करण्यात आली. याउलट वस्तीच्या खालून वाहणाऱ्या उघड्या वहाळात चढावरील सर्व घाण उतरते. अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू त्या निर्मळ पाण्यात असले तरी डोळ्यांस दिसत नाहीत. तांबडे पाणी टाकून स्वच्छ दिसणारे पाणी भरणारे घर दिसणारा दोष टाळते आणि न दिसणारा रोग पदरात घेते.

म्हणून तांबडे पाणी तसेच प्यावे, असा याचा अर्थ नव्हे. लोह काढून टाकणे घरच्या घरी शक्य असताना चांगला जलस्रोत सोडून देऊ नये, एवढाच याचा अर्थ आहे.

लोह येते कोठून?

जांभा दगड लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी बनलेला असतो. त्याचा तांबडा रंग हा लोहाचाच रंग होय. गंजाच्या रूपातील हे लोह पाण्यात सहसा विरघळत नाही. परंतु जमिनीच्या पोटात जेथे हवा पोचत नाही, किंवा विहिरीच्या तळाशी पालापाचोळा कुजून पाण्यातील प्राणवायू संपतो, तेथे लोहाचे रूप पालटते आणि ते पाण्यात विरघळते. त्या स्थितीत त्यास रंग नसतो. पाणी वर येऊन हवेशी गाठ पडताच त्याचा पुन्हा गंज होतो व तो खाली बसतो. ज्या हवेमुळे पाणी तांबडे होते, तीच हवा त्यातील लोह वेगळे करून देते. सर्व घरगुती उपायांचा पाया हाच आहे.

आधी परीक्षा, मग उपाय

प्रत्येक तांबडे पाणी सारखे नसते. पहाटेचे पहिले पाणी तांबडे व नंतरचे स्वच्छ येत असेल, तर दोष बहुधा गंजलेल्या लोखंडी नळाचा असतो. जांभ्याच्या मुलखातील पाणी पुष्कळदा आम्लधर्मी असते व ते लोखंडी नळ खाते. अशा ठिकाणी नळ बदलणे हाच उपाय. पाणी भरताना स्वच्छ व ठेवल्यावर तांबडे होत असेल, तर लोह भूजलातीलच आहे असे समजावे. पाण्यावर तेलकट तवंग दिसल्यास काडीने ढवळून पाहावा. काचेसारखे तुकडे होऊन तो फुटला तर तो तेलाचा नसून लोहावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो. भांड्यांना व नळांना लागणारी तांबडी बुळबुळही त्यांचीच. तेथे विहिरीचा गाळ काढून तिचे निर्जंतुकीकरण करावे लागते.

लोह आहे की नाही, याची घरगुती खूण हिरडा देतो. पाण्यात हिरड्याची पूड टाकल्यावर निळसर काळा रंग आला तर लोह आहे असे समजावे. हिरडा व हिराकस यांची शाई पूर्वी याच गुणामुळे होत असे. चहा काळा पडतो त्याचेही कारण हेच. परंतु हिरडा प्रमाण सांगत नाही. त्यासाठी गावातील तपासणी संच वापरावा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. लोहाबरोबर मँगनीजही असू शकते. गाळ काळसर दिसल्यास त्याचीही तपासणी अवश्य करून घ्यावी.

हवा, वेळ आणि वाळू

उपाय साधा आहे. बारीक छिद्रे पाडलेल्या भांड्यातून पाणी हातभर उंचीवरून झारीसारखे खालच्या भांड्यात पडू द्यावे, म्हणजे ते हवेत चांगले मिसळते. मग ते रात्रभर झाकून स्थिर ठेवावे. सकाळी वरचे पाणी गाळ न हलविता वाळूच्या घड्यातून गाळून घ्यावे. या घड्याच्या तळाशी छिद्र असावे. त्यावर खडी, खडीवर जाड वाळू आणि सर्वांत वर बारीक वाळू असावी. वाळू नदीची व धुतलेली असावी. समुद्राची खारी वाळू घेऊ नये. खालचे साठवणीचे भांडे झाकलेले व तोटीचे असावे, म्हणजे त्यात हात बुडत नाही.

पाणी आम्लधर्मी असल्यास लोहाचा गंज फार सावकाश होतो. तेथे चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पाण्याचा सामू सात ते आठच्या दरम्यान आणावा. मात्र हे काम तपासणी संच हाती असल्याखेरीज अंदाजाने करू नये. पुष्कळ घरी तुरटी फिरविण्याची चाल आहे. तुरटी गढूळपणा बसविते. विरघळलेल्या लोहावर तिचा उपयोग नाही, उलट तिच्यामुळे पाण्याची आम्लता वाढते.

नवी वाळू आरंभी लोह कमी धरते. कणांवर गंजाचा लेप चढला म्हणजे तिची शक्ती वाढते. म्हणून सगळी वाळू वारंवार घासून धुऊ नये. धार मंदावली की वरचा दोन बोटे थर काढून धुवावा व परत घालावा.

पाणी गाळल्याने लोह जाते, रोगजंतू सर्व जात नाहीत. त्यामुळे टीसीएलची मात्रा हवीच. परंतु ती लोह काढल्यानंतर द्यावी. लोहयुक्त पाण्यात क्लोरीन प्रथम लोहावर खर्च होते व जंतूंसाठी उरत नाही. शिवाय गंजाच्या रूपातील लोहामुळे ओटी चाचणीत पिवळा रंग येऊन क्लोरीन शिल्लक असल्याचा आभास होतो. जलसुरक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. नोंदवहीत 'होय' आणि घरोघर अतिसार, अशी विसंगती यातून घडू शकते.

वाळू कोण धुणार?

हातपंपाला जोडावयाची लोह-निष्कासन यंत्रणा नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने फार पूर्वीच तयार केली. तिचेही तत्त्व हवा, निवळण आणि वाळू हेच. अशा यंत्रणा जेथे बंद पडतात तेथे दोष बहुधा तत्त्वाचा नसतो. वाळू गंजाने भरते, धार मंदावते आणि ती धुण्याचे काम कोणाचेच नसते. यास्तव यंत्र बसविण्यापूर्वी वाळू कोण धुणार, हे ग्रामसभेत ठरले पाहिजे. वार नेमावा, माणूस नेमावा आणि त्याचे वेतन ग्रामपंचायतीने द्यावे. पाणी स्त्रियांनी वाहावयाचे, गाळावयाचे आणि वाळूही त्यांनीच धुवावयाची, ही वाटणी न्याय्य नव्हे व टिकाऊही नव्हे.

काही गावे लगेच दुसऱ्या कूपनलिकेची मागणी करतात. त्याच खडकात दुसरे भोक पाडल्याने पाणी पालटेलच असे नाही. काही घरे महागडे शुद्धीकरण यंत्र घेतात. त्याचा पडदा लोहाने लवकर चोंदतो आणि पुष्कळ पाणी वाया जाते. उघडी विहीर असेल तर चैत्र-वैशाखात पालापाचोळा व गाळ उपसणे हा या दोहोंपेक्षा स्वस्त उपाय आहे.

उलट टोकाचा एक समजही आढळतो: लोहयुक्त पाण्याने पंडुरोग बरा होतो. या समजापायी गरोदर स्त्रियांनी आरोग्य केंद्राच्या गोळ्या सोडणे धोक्याचे आहे. बागायतदारांनीही सावध असावे, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक लोह असल्यास ठिबकच्या तोट्या चोंदण्याचा संभव फार वाढतो. असे पाणी आधी हौदात खेळवून निवळू द्यावे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ओस पडलेल्या हातपंपाची नोंद करून थांबू नये. त्याने त्या हातपंपाचे पाणी आणि वहाळाचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे व दोन्ही निकाल ग्रामसभेत शेजारी शेजारी वाचून दाखवावे. कोणते पाणी सुधारता येते आणि कोणते पाणी मुलांना आजारी पाडते, हे गावास एकदा नीट समजले म्हणजे वाळूचा घडा प्रत्येक घरी मांडला जाईल.