टीव्हीमागच्या वायरी

मैत्रिणींनो, शिर्डीत घराचं बांधकाम चाललेल्या एका भगिनीनं विचारलंय: समाधी मंदिरातली दुपारी १२ ची आरती थेट दिसते, ती सासूबाईंना खाली आणि भक्तांना वरच्या भाड्याच्या खोल्यांत पाहता यावी. दुकानदार सोन्याचा मुलामा असलेली महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारतोय. घ्यावी का?

मुळीच नको! या केबलमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. आकडे नीट पोचले की चित्र पूर्ण. नाही तर ठिपके उडतात, पडदा मधेच काळा होतो. स्वस्त केबलनं रंग फिके आणि महागनं गडद, असं काही होत नाही. मुलाम्यानं फार तर टोक गंजत नाही. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत दीड मीटर पुष्कळ झाली. ४के टीव्ही असेल तर पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलंय ना, तेवढं पाहा.

गच्चीवरच्या डिशची केबल मात्र जपून घ्या. आरजी-६, ७५ ओहम अशी मागा. डिशच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला वीजही याच केबलमधून जाते, म्हणून अंतर लांब असेल तर मधली तार अस्सल तांब्याची हवी. टोक सोलून तारेला लोहचुंबक लावा. चिकटलं, तर आत पोलाद आणि वरून तांब्याचा नुसता थर!

स्पीकरची वायर जितकी लांब न्यायची, तितकी जाड घ्यावी. दोन्ही स्पीकरना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एकाचं उलटं झालं तर तबल्याचा ठेका विरतो. जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या.

आता खरी गोष्ट भिंतीची. केबल थेट गिलाव्यात गाडू देऊ नका. पाइप घालून घ्या, आणि तोही एचडीएमआयचं रुंद टोक सरकेल इतका मोठा. काटकोनी वळणं टाळा. दिव्यांच्या वायरी त्याच पाइपात नकोत. धोका आहेच, शिवाय स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. मिस्त्री ‘एकातच बसतंय ताई’ म्हणेल, ऐकू नका. पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा, उद्या केबल बदलायची झाली तर तिला बांधून ओढता येते. आणि गिलावा होण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढं खिळा कुठं ठोकायचा नाही, ते कळेल.