शकुंतलेला लाइक नकोत, हात हवेत

'शकुंतला वाचवा' असं लिहून मीही एक रील टाकली होती. गवतात बुडालेले रूळ आणि मागे जुनं गाणं. लाइक भरपूर आले. आमच्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी मात्र बंदच आहे.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीच्या कामासाठी बर्मिंगहॅमला होतो. एका शनिवारी तिथून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टाउइनला गेलो, टॅलिलिन रेल्वे बघायला. इंजिन पुसणाऱ्या एकाला विचारलं, "किती वर्षं झाली नोकरीला?" तो हसला. ती नोकरी नव्हतीच. आठवडाभर तोही माझ्यासारखाच कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी इथे काजळी पुसायचा. इथे पुसणारा शिकत शिकत फायरमन होतो आणि परीक्षा देत कैक वर्षांनी ड्रायव्हर.

१८६५ साली ही रेल्वे पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधली. १९४८मध्ये ब्रिटनच्या रेल्वे सरकारी झाल्या, तेव्हा ही यादीतून सुटली. १९५०मध्ये मालक वारले आणि आता ही बंद पडणार हे उघड झालं. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट या लेखक-इंजिनिअरनं आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली. तिथे निवेदन देऊन ते घरी गेले नाहीत. त्यांनी संस्था काढली, मालकाच्या पत्नीशी बोलून रेल्वे चालवायला घेतली आणि १४ मे १९५१ला गाडी सोडली. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची जगातली ही पहिली वेळ. चालण्याजोगं इंजिन एकच होतं. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी २५-२५ पौंडांना घेतली. थॉमस या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्रीही पुढे इथे राबायला आले.

आता आपल्याकडे बघा. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा शकुंतलेची मालकीही खासगीच राहिली. तिच्यावर १९९४पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं. म्हणजे सुरुवात जवळपास सारखीच होती. त्यांनी फावडं उचललं, आपण फोन उचलला.

यावर कुणी म्हणेल, "हौशी लोकांच्या हातात गाडी? अपघात झाला तर?" तिथेही सरकारी तपासणी असते, नियमांच्या परीक्षा असतात आणि जोडीला काही पगारी माणसंही असतात. हौशी म्हणजे बेशिस्त, हा आपला समज आहे. मी रोज ज्या ओपन सोर्स कोडवर पोट भरतो, त्यातला बराचसा असाच लोकांनी रात्री जागून लिहिलेला आहे. तिथेही नुसत्या स्टार देण्यानं बग सुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शकुंतला ही गरिबाची गाडी होती. यवतमाळच्या मजुराला वारसा नको, स्वस्त आणि वेळेवर पोहोचवणारी गाडी हवी. अगदी मान्य. त्याला ब्रॉडगेज मिळालीच पाहिजे. आपल्या हळव्या आठवणींसाठी त्याची गाडी अडवणं हा निव्वळ स्वार्थ आहे. पण म्हणून सगळंच भंगारात का घालायचं? मूर्तिजापूरच्या टोकाचे चार-पाच किलोमीटर रूळ, थोडे डबे आणि दुरुस्तीला एक शेड बाजूला ठेवा. रेल्वेनं ते नोंदणीकृत संस्थेला कराराने द्यावं, तपासणी स्वतःकडे ठेवावी आणि चुकलो तर काढून घ्यावं.

"आपल्याकडे लोक येत नाहीत" हे तर मला सांगूच नका. दर रविवारी पोरं कुदळ-घमेली घेऊन गडावर चढतात, टाक्यांतला गाळ उपसतात. आणि गाडगेबाबांच्या वऱ्हाडाला श्रमदान बाहेरून शिकावं लागत असेल, तर लाज आपल्यालाच वाटायला हवी.

टाउइनहून परतताना मी आधी ती रील डिलीट केली. मग गावाकडच्या मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं: माझे वर्षातले बारा रविवार आणि दिवाळीतले चार दिवस लिहून घ्या, शिवाय महिन्याला हजार रुपये. दोनशे जणांच्या त्या ग्रुपवर आतापर्यंत सहा जणांनी आपले दिवस कळवलेत. बाकीच्यांनी अंगठा दाखवलाय.

सहा जणांत संस्थेचा अर्ज भरता येत नाही. अजून माणसं हवी आहेत. अंगठे पुरेसे झालेत.