पहिल्या गावाचे पाहुणे

बद्रीनाथाचे दर्शन झाले की यात्रेकरूंची पावले आपोआप माणा गावाकडे वळतात. मंदिरापासून अवघ्या तीन किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० मीटर उंचीवर हे गाव वसलेले आहे. अलकनंदा आणि सरस्वती यांचा केशवप्रयाग येथील संगम येथून जवळच आहे. महर्षी व्यासांनी महाभारत सांगितले आणि श्रीगणेशाने ते लिहून घेतले, अशी श्रद्धा ज्यांच्याशी जोडलेली आहे त्या व्यासगुंफा व गणेशगुंफा याच गावात आहेत. द्रौपदीला सरस्वती ओलांडता यावी म्हणून भीमाने टाकलेली, असे सांगितले जाते ती प्रचंड शिळाही येथेच आहे आणि पांडवांच्या स्वर्गारोहणाची वाटही येथूनच पुढे जाते. अनेक वर्षे या गावाची ओळख ‘भारताचे अखेरचे गाव’ अशी करून दिली जात असे. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी माणा येथील सभेत, सीमेवरचे प्रत्येक गाव हे देशाचे पहिले गाव आहे, अशी भूमिका मांडली आणि एप्रिल २०२३ मध्ये गावाच्या वेशीवर ‘भारताचे पहिले गाव’ असा फलक लागला.

फलक बदलला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या फलकाजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या आपल्या दृष्टीत काही बदल झाला आहे काय, याचा विचार केला पाहिजे.

२०२३ च्या यात्राकाळात १८ लाखांहून अधिक लोकांनी बद्रीनाथाचे दर्शन घेतले. २०११ च्या जनगणनेनुसार माणा गावाची लोकसंख्या बाराशेच्या आसपास होती. या दोन आकड्यांवरून त्या चिमुकल्या गावावर येणाऱ्या भाराची कल्पना यावी. आपल्याकडील बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत माणा गावाला एक-दीड तास दिलेला असतो. गाडीतून उतरायचे, घाईघाईने दोन्ही गुंफा पाहायच्या, भीमपुलावर छायाचित्रे काढायची, वेशीवरच्या टपरीत चहा घ्यायचा आणि ‘माणा झाले’ असे म्हणून परतायचे. वाटेत अंगणात बसून तकलीवर लोकर कातणारी एखादी आजी दिसली, तर तिला नमस्कार करण्यापूर्वीच तिच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरायचा. ती पदर ओढून तोंड फिरवते, तेव्हा आपण हसतो. आपल्या अंगणात येऊन कोणी परक्याने आपल्या आईचे असे छायाचित्र काढले असते, तर आपण काय केले असते?

ही आजी कोण आहे, हे तरी आपल्याला ठाऊक असते का? माणा हे भोटिया समाजातील मार्छा लोकांचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या या समाजाने साडेपाच हजार मीटरहून अधिक उंचीची माणा खिंड ओलांडून तिबेटशी व्यापार केला. इकडून धान्य, गूळ आणि कापड जाई आणि तिकडून लोकर, मीठ व टाकणखार येई. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ती वाट बंद झाली आणि एका संपूर्ण समाजाचे उपजीविकेचे साधन नाहीसे झाले. त्या युद्धाचा विचार करताना आपल्याला चौक्या आणि रणांगणे आठवतात. परंतु ज्यांच्या घरची चूल त्या युद्धाने विझवली, ती ही कुटुंबे क्वचितच आठवतात. तरीही त्यांनी गाव सोडले नाही. बटाटा, राजमा, फाफर अशी पिके घेत, मेंढ्या राखत आणि लोकर विणत ते तेथेच राहिले. कार्तिकात बर्फ उतरू लागले की सारे गाव खालच्या वस्त्यांकडे जाते आणि वैशाखाच्या सुमारास पुन्हा वर येऊन घरांची दारे उघडते. देवाच्या मंदिराचे आणि या गावाचे जीवनचक्र असे एकच आहे.

हे नाते केवळ ऋतूंचे नाही. माणा गावाचे दैवत घंटाकर्ण हा बद्रीनाथाचा क्षेत्रपाल मानला जातो. हिवाळ्यासाठी मंदिराचे कपाट बंद होते, त्या दिवशी माणा गावातील कुमारिकांनी विणलेले लोकरीचे कांबळे तूप माखून भगवंताच्या मूर्तीस पांघरले जाते. सहा महिने हिमात बुडालेल्या गाभाऱ्यात देवाच्या अंगावर असते ती या मुलींच्या हातची ऊब. कपाट पुन्हा उघडले की तेच कांबळे प्रसाद म्हणून भाविकांत वाटले जाते. आणि ते पांघरणारे रावळ कोठले? दक्षिणेकडील केरळातले नंबुद्री ब्राह्मण. आद्य शंकराचार्यांच्या नावाने चालत आलेल्या या परंपरेत केरळातील पुरोहिताचे हात आणि हिमालयातील मेंढपाळ समाजाच्या मुलींचे हात एका मूर्तीपाशी एकत्र येतात. राष्ट्रीय एकात्मता म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. हे सारे ज्या गावात घडते, त्याच गावात आपण दीड तासात एक टोपी विकत घेतो आणि तीही वीस रुपये कमी करून मागतो.

पहाडातील गावांपुढे आज जे संकट उभे आहे, ते अस्तित्वाचे आहे. उत्तराखंडच्या ग्रामविकास व स्थलांतर आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर त्या राज्यातील ७३४ गावे निर्जन झाली. शाळा दूर, दवाखाना त्याहून दूर आणि हाताला काम नाही. तरुण देहरादून-दिल्लीकडे जातात आणि मागे राहतात ती वृद्ध माणसे व कुलुपे. सीमावर्ती जिल्ह्यांत या ओस पडण्याचा अर्थ अधिक गंभीर आहे. सैनिक सीमेचे रक्षण करतो, परंतु सीमा राखली जाते ती तेथे नांदणाऱ्या गावांमुळे. चुलीचा धूर, मंदिराची घंटा आणि कुरणात चरणारी जनावरे ही त्या भूमीवरील आपल्या हक्काची जिवंत खूण असते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४८०० कोटी रुपयांच्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजनेस मान्यता दिली आणि पहिल्या टप्प्यात उत्तर सीमेवरील ६६३ गावे निवडली, ती हेच ओळखून. उत्तराखंड राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरगुती निवासाची योजना २०१८ मध्ये सुरू केली, तीही याच दिशेने टाकलेले पाऊल होते. पर्यटकाचा पैसा बाहेरच्या हॉटेलमालकाकडे न जाता गावातल्या कुटुंबाच्या हाती यावा, हा तिच्यामागचा विचार. अंत्योदयाचे तत्त्व पहाडात उतरायचे तर ते याच वाटेने उतरेल.

परंतु सरकारी योजना रस्ता बांधू शकते, त्या रस्त्याने येणाऱ्याला शहाणपण देऊ शकत नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथात झालेला हाहाकार आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठातील घरांना गेलेले तडे यांनी, पहाडाची सहनशक्ती अमर्याद नाही, हे आपल्याला बजावले आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणा येथेच सीमा मार्ग संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. तेथे असलेल्या ५४ कामगारांपैकी ४६ जणांना वाचवण्यात आले, आठ जण दगावले. ज्या रस्त्याने आपण आरामात गावापर्यंत जातो, तो मोकळा राखण्याची ही किंमत आहे. त्याच रस्त्याच्या कडेला आपण पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भिरकावतो तेव्हा आपला कोणता संस्कार प्रकट होतो?

येथे दुसऱ्या टोकाच्या चुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. पहाडी गावे पाहून आलेली शहरी मंडळी हळहळतात की आता तेथे पत्र्याची छपरे आली, मोबाइलचे मनोरे आले, ‘पूर्वीची मजा’ राहिली नाही. आपण पुण्या-मुंबईच्या सदनिकेत सर्व सोयींसह राहायचे आणि त्यांनी मात्र आपल्या छायाचित्रांसाठी धुराने काळवंडलेल्या घरात दिवस काढायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. माणा गावच्या मुलीलाही महाविद्यालयात जायचे आहे. गाव म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. त्यातले काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हे ठरवण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्यांचा आहे. आपल्याला करता येईल ते एवढेच की, परंपरा जपणाऱ्याला त्या परंपरेवर पोट भरता येईल अशी स्थिती निर्माण करावी. विणकराच्या मालाला योग्य भाव मिळाला, तर विणकाम टिकेल. नुसत्या कौतुकाने ते टिकणार नाही.

हा प्रश्न केवळ हिमालयातला नाही. आपल्या सह्याद्रीत भंडारदरा परिसरातील गावांत पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी गर्दी लोटते. जो प्रकाश पाहायला यायचे, त्याच्यावरच मोटारींचे दिवे रोखायचे आणि रात्रीच्या शांततेत गाणी वाजवायची, असे प्रकार तेथे घडत आले आहेत. राजमाची असो वा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई, गिर्यारोहकांना पिठले-भाकरी रांधून घालणाऱ्या घरांशी आपण कसे वागतो, यावरच आपण हिमालयात कसे वागू हे ठरते.

आपल्या परंपरेत यात्रेला आचारधर्म होता. यात्रेकरू गावात अतिथी म्हणून जाई, मिळेल ते अन्न प्रसाद समजून घेई. आजचा पर्यटक गावात ग्राहक म्हणून जातो आणि इतक्या दूरवर जाऊन तेथेही पावभाजी मागतो. पर्यटक असणे हा दोष नाही आणि यात्रेकरू म्हणवून घेतल्याने कोणी आपोआप पवित्र होत नाही. फरक पडतो तो वागण्याने. स्वतःला राष्ट्रभक्त म्हणवणाऱ्या आपल्यावर तर ही जबाबदारी अधिक आहे. कारण देशाचे पहिले गाव असा गौरवाने उल्लेख करायचा आणि त्या गावातल्या माणसाचे नावही विचारायचे नाही, ही विसंगती आपल्याला शोभणारी नाही.

म्हणून या सुटीत हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमचे सांगणे आहे. दीड तासाऐवजी एक रात्र द्या. शक्य असेल तेथे गावकऱ्यांच्या घरी उतरा आणि त्यांच्या चुलीवरचे जेवा. माणा येथील त्याच सभेत पंतप्रधानांनी, प्रवासखर्चाच्या किमान पाच टक्के रक्कम स्थानिक वस्तूंवर खर्च करा, असे आवाहन केले होते. घरी परतल्यावर तो हिशेब प्रामाणिकपणे मांडून पाहा. कारखान्यात विणलेली शाल ‘पहाडी’ म्हणून घेण्यापेक्षा, ती कोणी विणली हे विचारून घ्या. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. छायाचित्रापूर्वी अनुमती घ्या आणि मुलांना त्या आजीच्या पाया पडायला सांगा. सहली काढणाऱ्या आपल्या मंडळांनी व संस्थांनी तर हे नियमच करावेत.

येत्या कार्तिकात कपाट बंद होईल, तेव्हा माणा गावच्या मुली पुन्हा देवासाठी कांबळे विणतील. त्यांच्या मुलींनीही ते विणावे असे वाटत असेल, तर गावात माणसे राहिली पाहिजेत. त्यांनी राहावे की निघून जावे, याच्या उत्तरात आपल्यासारख्या लाखो पाहुण्यांच्या वर्तनाचाही वाटा असणार आहे.