दारातली गाडी

हर्सूलला दाटीच्या घरांची गाडी गल्लीतच राहते. वाळूजची पाळी करून आलेला माणूस हँडल लॉक करून झोपतो. ते लॉक एका हिसक्यात मोडते! आम्ही सांगतो, भिंतीत सिमेंटने कडी बसवा, मागच्या चाकातून जाड साखळी घालून तिला अडकवा. नुसते चाक बांधलेली गाडी दोघे उचलून टेम्पोत टाकतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, तिथे घाव सोपा बसतो.

गाडी गेली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आणि नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. पॉलिसी आजच काढून वाचा. चोरी झालीच तर त्याच दिवशी एफआयआर नोंदवा. जुलै २०२४ पासून तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. दोन्ही किल्ल्या जपा, विमा कंपनी त्या मागते.