गॅलिपोलीच्या आधीचे बारसे

ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर जन्मले, असे तिथे वर्षानुवर्षे सांगतात आणि आपल्याकडचे युद्धकथांचे शौकीनही त्यावर मान डोलावतात. पूर्वपक्ष थोडक्यात असा: सहा वसाहती कागदावर एक झाल्या होत्या, पण रक्त सांडल्यावाचून त्यांचे राष्ट्र झाले नव्हते, युद्धाने माणसे एकवटली, आणि त्या बळावरच व्हर्सायच्या तहाखाली ऑस्ट्रेलियाची वेगळी सही झाली.

सही झाली, हे खरे. बाकीचे मात्र तपासून घेतले पाहिजे.

१ जानेवारी १९०१ ला संघराज्य झाले ते लोकांच्या मतदानाने. १९०२ मध्ये बायकांना संघीय मताचा आणि संसदेसाठी उभे राहण्याचाही हक्क मिळाला. ब्रिटनमधल्या बायकांना त्यासाठी १९१८ पर्यंत थांबावे लागले. १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या खटल्यात मजुराची किमान मजुरी ठरवली. मालकाला काय परवडते हे न पाहता पाच माणसांचे घर माणसासारखे कशात चालेल हे त्यांनी पाहिले आणि दिवसाला ७ शिलिंग हा आकडा काढला. १९०९ पासून म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली. एवढे करणाऱ्या देशाला 'कागदी' म्हणायचे, तर भरीव कशाला म्हणायचे? ज्याचे बारसे चौदा वर्षांपूर्वी झाले, त्याची जन्मतारीख नंतर रणांगणात शोधण्यात अर्थ नाही. त्याच देशाने गोरेतरांना रोखण्यासाठी ५० शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा काढली आणि बहुतेक मूळनिवासींना संघीय मतापासून दूर ठेवले, हेही लपवायचे कारण नाही. हा डाग जन्मापासूनचाच आहे.

आता एकीबद्दल. लोकसंख्या ५० लाखांच्या आत, भरती झाले ४ लाखांहून अधिक, मेले सुमारे ६०,०००. फ्रोमेलच्या लढाईत जुलै १९१६ च्या एका रात्रीत ५,५३३ जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. भरती रोडावली, तेव्हा पंतप्रधान बिली ह्यूज यांनी परदेशातल्या लढाईसाठी सक्तीच्या भरतीवर सार्वमत घेतले. २८ ऑक्टोबर १९१६ ला ११,६०,०३३ लोकांनी 'नाही' म्हटले आणि १०,८७,५५७ लोकांनी 'हो'. खुद्द सैनिकांमध्ये ७२,३९९ 'हो' म्हणाले, तर ५८,८९४ 'नाही'. म्हणजे ज्यांच्या नावाने सक्ती मागितली, त्यांतल्याच शंभरातल्या पंचेचाळीस जणांना ती नको होती! मजूर पक्ष फुटला, पंतप्रधानच स्वपक्षातून बाहेर पडले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. फुटलेला मजूर पक्ष १९२९ पर्यंत केंद्रात सत्तेवर आला नाही. याला एकी म्हणायचे असेल, तर फूट कशी असते ते पूर्वपक्षाने दाखवावे.

राहिली ती सही. १९१९ मध्ये पॅरिसला ह्यूज ६०,००० मृतांचे नाव घेऊन बोलले. त्यांनी वजन खर्च केले ते कशासाठी? राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात वंशसमानतेचे तत्त्व असावे, ही जपानची मागणी हाणून पाडण्यासाठी. आणि गॅलिपोलीच्या कड्यांवर तर पहिल्या दिवसापासून हिंदी तोफखाना ऑस्ट्रेलियनांच्या मदतीला तोफा डागत होता, खेचरवाले हिंदी सैनिक दाणापाणी वर नेत होते. शेजारी मरायला चाललेला हिंदी माणूस शेजारी राहायला मात्र चालत नव्हता.

मग युद्धाने काहीच दिले नाही का? दिले, पण ते गॅलिपोलीत नव्हे. शौर्य तिथे होतेच, तुर्कांचेही होते, आणि चर्चिलच्या नौदली हट्टातून सुरू झालेली ती मोहीम डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या माघारीने संपली. साम्राज्य संकटात असताना, वर्तमानपत्रे आणि मंत्री कानीकपाळी ओरडत असताना, स्वतःच्या सरकारला मतपेटीतून 'नाही' म्हणणे हे आम्ही राष्ट्रपणाचे लक्षण मानतो. सक्ती नाकारणाऱ्या त्या देशात गावोगावच्या युद्धस्मारकांवर पुष्कळदा परत आलेल्यांचीही नावे कोरलेली असतात. मेलेल्यांइतकाच मान स्वतःहून गेलेल्यांना, असा तो हिशेब आहे. ह्यूजनी डिसेंबर १९१७ मध्ये पुन्हा कौल मागितला, तेव्हा नकाराचे मताधिक्य दुपटीहून वाढले. युद्ध संपेपर्यंत परदेशात लढणारे ऑस्ट्रेलियन सैन्य स्वयंसेवकांचेच राहिले.