गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येतं का? घेण्याआधी हे समजून घ्या

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की शेगाव, खामगाव, चिखलीतल्या अनेक घरांत एकच चर्चा असते. मुलाला गेमिंग लॅपटॉप हवा असतो. वडिलांचं म्हणणं असतं की मशीन किमान चार वर्षं चाललं पाहिजे. शेवटी तोडगा निघतो: आत्ता बजेटमधला घेऊ, पुढे पैसे आले की आतलं ग्राफिक्स कार्ड बदलू.

अडचण एवढीच आहे की बाजारातल्या जवळपास कुठल्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. कोणता भाग बदलता येईल हे बहुतेक वेळा खोक्यावर लिहिलेलंही नसतं.

डेस्कटॉपमध्ये जमतं, मग लॅपटॉपमध्ये का नाही?

डेस्कटॉपच्या भागांची मापं ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं मानक आणलं आणि तेव्हापासून एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. त्यामुळे कुणीही चार दुकानांतून भाग आणून घरी मशीन उभं करू शकतो.

लॅपटॉपसाठी असं सर्वमान्य माप कधी टिकलंच नाही. एनव्हिडियाने २००४ च्या सुमारास एमएक्सएम नावाचं बदलता येणारं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. पण कार्ड बदललं की त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, पंखा आणि चार्जर यांचंही गणित बदलतं. शिवाय लॅपटॉप पातळ होत गेले. इंटेलचे साध्या लॅपटॉपसाठीचे प्रोसेसरही चौथ्या पिढीपर्यंतच सॉकेटमध्ये मिळायचे. त्यानंतर ते थेट बोर्डावर सोल्डर होऊ लागले. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डाला चिकटलेले असतात. एक बदलायचा तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तेवढ्या पैशात बऱ्याचदा दुसरा लॅपटॉप येतो.

कुणी प्रयत्न केला का?

केला. डेलच्या एलियनवेअरने २०१९ मध्ये एरिया-५१एम हा लॅपटॉप आणला. त्याचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदलता येतील, अशी त्याची जाहिरात होती. पुढच्या पिढीतली कार्डं त्यात बसली नाहीत, तेव्हा अमेरिकेत एका ग्राहकाने २०२१ मध्ये कंपनीवर दावा ठोकला.

सध्याचं सर्वांत ठोस उदाहरण अमेरिकेच्या फ्रेमवर्क कंपनीचं आहे. तिचा १६ इंची लॅपटॉप २०२४ पासून ग्राहकांच्या हातात पडू लागला. ‘डीआयवाय’ आवृत्ती घेतली तर रॅम, एसएसडी आणि विंडोज आपलं आपण टाकायचं. ग्राफिक्स कार्ड मागच्या बाजूने स्क्रू काढून सरकवता येतं. सुरुवातीला त्यासाठी एएमडीचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने त्याच जुन्या मशीनमध्ये बसेल असं एनव्हिडिया आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर केलं, किंमत ६९९ डॉलर. म्हणजे हे तंत्र अशक्य नाही, महाग आहे. प्रोसेसर मात्र इथेही सुटा मिळत नाही, पूर्ण मदरबोर्डच बदलावा लागतो.

गंमत म्हणजे याच कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली आहे. त्या चिपला हवा असलेला वेग सुट्या रॅमने मिळत नाही, हे कारण कंपनीने उघडपणे सांगितलं.

आणि मुख्य मुद्दा: २०२५ पर्यंत फ्रेमवर्कच्या अधिकृत विक्रीच्या देशांत भारत नव्हता. ओळखीच्या कुणाकडून परदेशातून मागवला तरी बिघाड झाल्यावर सुटा भाग कुठून आणणार?

मग आपल्या हातात काय उरतं?

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एसएसडी, वाय-फाय कार्ड आणि बॅटरी बदलता येते. रॅमचं मॉडेलनुसार वेगळं असतं. दुकानात चालू मशीन समोर असेल तर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. तिथे ‘सोडिम’ असेल तर रॅम काढता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डाला चिकटलेली आहे. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे खात्रीचं.

ग्राफिक्स चिप बदलता येणार नसल्यामुळे ती घेतानाच नीट बघून घ्यावी लागते. इथे नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधल्या ‘आरटीएक्स ४०६०’ला कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. नाव तेच असलं तरी कमी वॅटचा लॅपटॉप गेममध्ये स्पष्टपणे मागे पडतो. वॅटचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर तपशिलात सापडतो, जाहिरातीत क्वचितच.

‘८ जीबी घे, रॅम नंतर वाढव’ हा सल्लाही आता तपासून घ्यायला हवा. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आधीच १६ जीबी असलेला लॅपटॉप स्वस्त पडतो का, याचा हिशोब एकदा करून बघा.

घाटाखालचा उन्हाळा

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४० च्या बराच वर जातो. अशा वेळी चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि महागड्या मशीनवर गेम अडखळतो. म्हणून मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का, पंख्यातली धूळ काढता येते का, हे इथल्या ग्राहकासाठी ग्राफिक्स कार्डाइतकंच महत्त्वाचं. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे मात्र कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

मुलगा घरीच राहणार असेल तर माझं मत सरळ डेस्कटॉपच्या बाजूने आहे. यूपीएसचा खर्च धरूनही ग्राफिक्स कार्ड पुढे बदलण्याची सोय राहते. पण पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या हॉस्टेलवर जायचं असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही.

सरकार काय करतंय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळावी, अशी कल्पना आहे. त्यानंतर विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती वेळात मिळतात, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येतात यावरून गुण द्यायचे आणि ते दुकानात व ऑनलाइन विक्रीच्या पानावर दाखवायचे, अशी शिफारस त्यात आहे.

पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून करायची आहे. लॅपटॉप पहिल्या यादीत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये असाच निर्देशांक लागू केला तेव्हा पहिल्या पाच वस्तूंतच लॅपटॉप होता. चार वर्षांच्या शिक्षणासाठी घर एकदाच ज्या वस्तूवर एवढा पैसा लावतं, तिला आपल्याकडे मागे ठेवण्याचं कारण समजत नाही. रॅम चिकटलेली आहे की सुटी, एवढी एक ओळ खोक्यावर छापायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.