पिशवीचं बूड

2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून मी मांजरपाटाच्या पिशव्या शिवून विकते. खडकवासल्यात बऱ्याच घरांत त्या गेल्या आहेत. गेल्या रमजानमध्ये शेजारच्या खाला इफ्तारीसाठी कलिंगड घेऊन निघाल्या आणि धरणाच्या चौपाटीजवळ पिशवीचं बूडच सुटलं. कलिंगड रस्त्यावर! खालांनी पैसे परत मागितले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी खालून दोरी बांधून वापरताना दिसल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

पिशवी मागून घेतली. कापड शाबूत होतं. खालची शिवण कोपऱ्यापासून उसवली होती. सगळं वजन त्या एका शिवणीवर, आणि बंद नुसते वरच्या काठाला लावलेले. चूक माझीच.

आता मी तळाला शिवण ठेवतच नाही. 17 इंच रुंद, 35 इंच लांब असं सलग कापड घ्यायचं, पण आधी धुऊन, म्हणजे नंतर आटत नाही. मधोमध, आतल्या बाजूनं, जुन्या जीन्सचा 17 बाय 10 इंचांचा तुकडा चौफेर शिवायचा. दोन्ही टोकांचे काठ दुमडून घ्यायचे. मग तीन मीटर सुती पट्टी बाहेरून लावायची : एका बाजूनं वर, बंद सोडून परत खाली, तळाखालून दुसऱ्या बाजूला. पट्टीचा जोड तळाखाली घ्या आणि तो दोन इंच एकमेकांवर चढवा. असं केलं की वजन पट्टी पेलते, कापड नव्हे. मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई हवी, बारीक सुई जीन्सवर मोडते.

बाजू शिवल्यावर कोपरे चपटे करून चार इंच रुंदीवर आडवी शिलाई मारा, दोनदा. तयार होणारे त्रिकोण कापू नका, तळावर दुमडून टाका घाला. तळ 12 बाय 4 इंचांचा होतो. पुठ्ठा मात्र घालू नका. एकदा मासळी आणली की त्याचा लगदा. बादलीच्या जुन्या झाकणाची पट्टी कापून, कोपरे गोल करून, कापडी खोळीत घाला. धुताना काढता येते.

विकण्याआधी पाच किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर खुंटीला टांगते आणि सकाळी कोपऱ्यांचे टाके बघते. खालांना नवी पिशवी दिली. त्यांनी घेतली, पण दोरीवालीही घरी ठेवली आहे.